मग पुढचं कधी?

चाकोरीबाहेर

पालखीमार्गाचा पहिला निम्मा टप्पा, दोन दिवस, तीन सायकली आणि रजा शून्य! आता याला वारी म्हणायचं की नुसती वीकेंड राइड, यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही...

आधी रजेचं गणित मांडू. २०२५ साली माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान झालं १९ जूनला आणि आषाढी एकादशी होती ६ जुलैला. म्हणजे झाले अठरा दिवस. परत येताना एसटी पकडली तरी एकोणिसावा दिवस गेलाच. आता ऑफिसच्या पोर्टलवर जाऊन तुमची शिल्लक रजा बघा. बघितली? त्यातून दिवाळीचे चार, चुलतभावाच्या लग्नाचे तीन आणि व्हायरल तापासाठी राखून ठेवलेले दोन दिवस वजा करा. उरलं काही?

म्हणूनच आपल्यापैकी बहुतेकांची वारी टीव्हीवर होते. फार तर पालखी पुण्यात आली की फर्ग्युसन रस्त्यावर उभं राहून हात जोडायचे, दोन फोटो काढायचे आणि पुन्हा लॉग-इन. थोडे उत्साही लोक आळंदी ते पुणे हा एकच टप्पा चालतात. आयटीवाल्यांची तर चक्क वेगळी दिंडीसुद्धा असते. आणि गेल्या काही वर्षांत यात एक नवी जमात आली आहे, सायकलवाल्यांची. पुणे, नाशिक आणि इतर शहरांतले सायकल ग्रुप आषाढीच्या आधी पंढरपूर गाठतात. काही पठ्ठे तर पुणे-पंढरपूर हे दोनशेच्या वरचं अंतर एका दिवसात उरकतात!

आम्ही तिघं त्या जातीचे नाही. एक जण बँकेत कर्जाच्या फायली तपासतो, एक जण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि तिसरी व्यक्ती म्हणजे मी. तिघांत मिळून रोजची सायकलिंगची मजल दहा-बारा किलोमीटर. त्यामुळे प्लॅन साधा होता. जूनचा पहिला वीकेंड, हडपसरहून निघायचं, जमेल तेवढा पालखीमार्ग करायचा, लोणंदला रात्र काढायची आणि रविवारी फलटणला थांबायचं. साधारण शंभर किलोमीटर. पंढरपूर अजून तेवढंच पुढे राहणार, हे आधीच ठरलेलं होतं.

आमच्या टेस्टर मैत्रिणीच्या घरी मात्र या प्लॅनवर जरा गरमागरमी झाली. तिच्या बाबांनी चौदा वाऱ्या पायी केल्यात. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि चालणं थांबलं. लेकीनं मोठ्या उत्साहानं सांगितलं, "बाबा, या वर्षी तुमच्या वाटचं मी जाऊन येते." त्यांनी पेपर खाली न ठेवताच उत्तर दिलं, "सायकलवर वारी होत नाही. जा, फिरून ये." संपला विषय! पण ती दोन दिवस हेच वाक्य घोकत पेडल मारत होती, हे आम्हाला दिसत होतं.

घाट आणि घाम

शनिवारी पहाटे साडेपाचला हडपसर. या वेळेला निघण्याचं कारण भक्ती नाही, ट्रॅफिक. सातनंतर हा रस्ता सायकलवाल्यांचा राहत नाही. फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी मागे पडली की समोर दिवे घाट उभा राहतो. वारीचे टीव्हीवर दिसणारे ते ड्रोन शॉट्स आठवतात? वळणावळणांवर पांढऱ्या टोप्यांची आणि भगव्या पताकांची रांग? तोच हा घाट. साधारण चार किलोमीटरची चढण. वर येताना खाली मस्तानी तलाव दिसतो आणि तो बघण्याच्या निमित्तानं तीनदा थांबता येतं. निमित्त चांगलं असावं लागतं, एवढंच!

घाटात एक गोष्ट कळते. सायकलवर असताना तुम्ही एकटे असता. बँकवाला दोन वळणं पुढे, मैत्रीण एक वळण मागे, आणि प्रत्येकाच्या कानात फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज. वारीत याच घाटात माउलींचा रथ ओढायला जादा बैलजोड्या जुंपतात आणि लाखभर माणसं टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर चढून जातात. चढण तीच, पण तिथे दम लागला तर पुढचा-मागचा आवाज देतो. इथे दम लागला तर गिअर बदलायचा.

घाट संपला की सासवडपर्यंत रस्ता हलका होतो. सासवड म्हणजे सोपानकाकांचं गाव. ज्ञानेश्वरांच्या या धाकट्या भावाची समाधी इथे आहे आणि त्यांची पालखीही इथूनच पंढरपूरला निघते. आषाढीच्या आधी थोरल्या भावाची पालखी या गावात मुक्कामाला येते, हा योग गावकरी मोठ्या अप्रूपानं सांगतात. मंदिरात गार फरशीवर दहा मिनिटं टेकलात तर घाटाचा सगळा थकवा उतरतो. बाहेर मिसळ आहेच. सीझनमध्ये आलात तर पुरंदरचे अंजीर आणि सीताफळं सोडू नका.

पिवळा रंग, हिरवा रंग, कोरडा रंग

सासवड ते जेजुरी सतरा-अठरा किलोमीटर. माउली वैष्णवांची, जेजुरीचा खंडोबा शिवाचा अवतार. पण पालखी जेजुरीत शिरते तेव्हा तिच्यावर भंडाऱ्याची अशी उधळण होते, की पांढरे सदरे पिवळे होतात. आम्ही गड चढलो नाही. पायऱ्या बघूनच मांड्यांनी संप पुकारला. खालूनच 'यळकोट यळकोट जय मल्हार' म्हटलं आणि पुढे निघालो.

पुढे दौंडजची खिंड आणि मग वाल्हे. वाल्मीकींशी नातं सांगणारं हे गाव. इथल्या एका टपरीवर चहा घेताना बाकावर बसलेल्या आजींनी आमच्या तिघांचं वरपासून खालपर्यंत निरीक्षण केलं. हेल्मेट, गॉगल, ती चिकटलेली शॉर्ट्स. मग विचारलं, "कुठनं आलाय?"

"पुण्याहून, आजी."

"पंढरपूरला निघालाय व्हय?"

"नाही, फलटणपर्यंत."

"मग पुढचं कधी?"

"बघू, पुढच्या वेळी."

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग एकदम काळजीनं म्हणाल्या, "आन सायकलीवर कशापायी? पाय दुखत्यात का?"

बँकवाल्याला चहाचा ठसका लागला. पण 'मग पुढचं कधी?' हा प्रश्न आम्हाला त्या दोन दिवसांत पाच-सहा वेळा तरी ऐकू आला. पंक्चरवाल्यानं विचारलं, लॉजच्या मॅनेजरनं विचारलं, केळीवाल्यानं विचारलं. एकानंही 'किती वेळात आलात?' असं विचारलं नाही. ऑफिसमध्ये सोमवारी पहिला प्रश्न तोच असतो, बघा!

वाल्ह्यानंतर नीरा. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. पालखी इथे पोचली की माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात. पुलावर थांबून पाणी प्यायला ही जागा झकास. आणि भूगोल समजून घ्यायलाही.

कारण या रस्त्यावर पाऊस कसा कमी होत जातो, ते सायकलवरून डोळ्यांनी दिसतं. सह्याद्री ढगांचं बहुतेक पाणी पश्चिमेला काढून घेतो आणि आपण जातोय पूर्वेला, पर्जन्यछायेत. सातारा जिल्ह्यातल्याच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि फलटणला जेमतेम पाचशेच्या आसपास. मग अधूनमधून उसाची हिरवी शेतं दिसतात ती कुठून आली? भाटघर आणि वीर धरणांतून निघालेल्या नीरेच्या कालव्यांतून. कालवा आहे तिथे ऊस, नाही तिथे कुसळं. इतकी सरळ रेघ!

वारीची वेळसुद्धा याच पावसाशी बांधलेली आहे. पेरणी उरकायची, रान देवावर सोडायचं आणि निघायचं. पाऊस लांबला तर पेरणी लांबते, आणि मग वारीत पाय रस्त्यावर आणि जीव वावरात अशी अवस्था होते. आपल्या डेडलाइन्सचं टेन्शन आपल्याला मोठं वाटतं. या लोकांची डेडलाइन आभाळातून येते.

रस्ता झाला, सावली गेली

लोणंदला पोचेपर्यंत चार वाजले. दिवसाचे साधारण सत्तर किलोमीटर. कांद्याच्या बाजारपेठेचं हे गाव. पालखीचा इथला मुक्काम तिथीप्रमाणे कमी-जास्त होतो. लॉजवर आंघोळ करून चौकात आलो तर पालखीची तयारी दिसायला लागली होती. पाण्याच्या टाक्या धुवून घेणं, मैदान सपाट करणं, फिरत्या शौचालयांसाठी जागा आखणं. एका रात्रीसाठी गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं येणार आणि दुसऱ्या पहाटे निघून जाणार. एवढं इव्हेंट मॅनेजमेंट कुठल्याही एमबीएच्या पुस्तकात नसेल.

रात्री जेवताना विषय निघाला रस्त्याचा. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. ज्ञानेश्वर महाराज पालखीमार्ग दिवे घाट ते मोहोळ, सुमारे २२१ किलोमीटर, खर्च ६,६९० कोटी रुपयांच्या वर. तुकाराम महाराज पालखीमार्ग पाटस ते तोंडले-बोंडले, सुमारे १३० किलोमीटर, खर्च ४,४०० कोटींच्या आसपास. दोन्हीकडे पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी, अशी ही योजना. सायकलवाल्याच्या दृष्टीनं सांगायचं तर जिथे नवा रस्ता आहे तिथे चाक लोण्यासारखं पळतं. पण बाजूची जुनी झाडं बरीच गेली. जेजुरीजवळच्या एका रसवंतीवाल्यानं चार शब्दांत सांगितलं, "रस्ता झाला, सावली गेली."

नवी रोपं लावलीत, पण वडाच्या रोपाला सावली धरायला आपल्या होम लोनएवढी तरी वर्षं लागतात. दुपारी बारा ते तीन या रस्त्यावर काय होतं ते आम्ही दोन दिवस अनुभवलं. आमच्याकडे निदान वेग होता. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या सत्तरीच्या बाईकडे तोही नसतो.

तरडगावचं पिठलं

रविवारी सकाळी लोणंद सोडलं. थोड्याच अंतरावर लागतो चांदोबाचा लिंब. माउलींच्या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण इथे होतं. वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि मधून अश्व दौडत जातो. गोल रिंगण बघायचं असेल तर मात्र फलटणच्या पुढे जायला हवं. म्हणजे पुन्हा तेच, 'मग पुढचं कधी?'

तरडगावच्या अलीकडे मैत्रिणीचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. रस्त्याकडेच्या एका घराच्या ओसरीत सायकल उलटी केली. आतून एक काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मग त्यांचे मालक आले, पान्हा घेऊन आले, मग शेजारचा मुलगा बादलीत पाणी घेऊन आला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधण्यात चौघंजण गुंतले आणि तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली, "हात धुवा, ताटं घेतलीत."

पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. सकाळचे साडेअकरा. हे जेवण कुठल्याही मल्टिक्युझिन रेस्तराँमध्ये मिळणार नाही, असलं काही मी लिहिणार नाही. पण मैत्रिणीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या, यावरून काय ते समजा.

निघताना बँकवाल्यानं सवयीनं पाकीट काढलं. काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं ते गुपचूप परत खिशात टाकलं. "पालखीला घालतोच की आमी. तुमी पंधरा दिस आधी आला, एवढंच," त्या म्हणाल्या. मग कळलं की सासऱ्यांच्या वेळेपासून एक दिंडी दरवर्षी त्यांच्या अंगणात उतरते. मराठवाड्यातले लोक. ओळख फक्त वारीची. पण आता लग्नाच्या पत्रिका इकडून तिकडे जातात, कुणी गेलं तर फोन येतो. गेल्या वर्षी दिंडीतल्या एका म्हाताऱ्या आजी आल्या नाहीत, तर काकूंना दोन दिवस गोड लागलं नव्हतं.

मैत्रिणीनं त्यांची नावं आणि फोन नंबर लिहून घेतला. काकांनी तिच्या हॅण्डलबारवर हात ठेवून विचारलं, "माउली, पोचल्यावर कळवशील ना?" आमच्या ग्रुपवर तिला सगळे भलत्याच नावानं हाक मारतात. माउली म्हणणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं.

दीडच्या सुमारास फलटण. निंबाळकरांचं संस्थान, शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंचं माहेर, राममंदिर, राजवाडा. पालखी उतरते ती विमानतळाच्या मैदानावर. सायकलप्रेमींसाठी आणखी एक माहिती. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात सायकलरिक्षा सुधारण्यावर आणि विजेवर चालणाऱ्या रिक्षेवर काम झालं होतं, ई-रिक्षा हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या खूप आधी.

पण ही वारी झाली का?

आता मुद्द्यावर येऊ. स्पेनमध्ये सान्तियागोची जी प्रसिद्ध यात्रा आहे, तिथे हा प्रश्न नियमानंच सोडवलाय. शेवटचे १०० किलोमीटर चालत किंवा २०० किलोमीटर सायकलवर केलेत आणि वाटेतले शिक्के तुमच्या पासबुकवर असले, की 'कॉम्पोस्तेला' नावाचं सर्टिफिकेट मिळतं. अर्धी यात्रा, पण ऑफिशियल! त्या हिशोबानं पुणे-पंढरपूर सायकलवाला पास आणि आम्ही फलटणवाले नापास.

आपल्याकडे शिक्का नाही, सर्टिफिकेट नाही. मग 'खरी वारी' कुठली? इतिहास बघितला तर वारीचं रूपही बदलत आलंय. आधी लोक आपापल्या गटांनी जायचे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींचा वेगळा सोहळा उभा केला. त्याला लष्करासारखी शिस्त दिली, दिंड्यांचे क्रम लावले. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व आले, आणि आजही ते तिथूनच आळंदीला येतात. म्हणजे आपण जिला परंपरा म्हणतो तीसुद्धा कुणीतरी एके काळी केलेला अपडेटच आहे.

आणि शहरातून येऊन कुतूहलानं चालणारेही नवे नाहीत. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' लिहिलं. एका देवाचं नाव घेत जाणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदवलं. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे लेखक दि. बा. मोकाशी पालखीबरोबर गेले आणि १९६४ मध्ये त्यांचं 'पालखी' हे पुस्तक आलं. दोघंही चालले, हा फरक मात्र आहेच.

कारण चालताना वेग तुमच्या हातात नसतो. दिंडी थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. पुढच्याच्या टाचेवर पाय पडू द्यायचा नाही, मागच्याला जागा द्यायची. दिवसभर कुणाला तरी सांभाळून घ्यायचं आणि कुणीतरी आपल्याला सांभाळून घ्यायचं. सायकलवर तुम्ही मालक असता. कंटाळा आला की गिअर, आवडलं की ब्रेक. अंतर एकच असलं तरी शिकवणी वेगळी.

फलटणला बसस्टँडजवळ बसून मैत्रिणीनं बाबांना फोन लावला. स्पीकरवर. एका दमात सांगून टाकलं, "बाबा, पोचलो. अठ्ठ्याण्णव किलोमीटर झाले, सरासरी सोळाचा स्पीड, एकच पंक्चर."

"बरं. जेवलात कुठे?"

तिनं तरडगावचं सगळं सांगितलं. ओसरी, पिठलं, मराठवाड्याची दिंडी. पलीकडे जरा शांतता. मग बाबांनी विचारलं, "घर रस्त्याच्या कुठल्या अंगाला? नावं घेतलीस का विचारून?" तिनं नावं वाचून दाखवली. "मग पालखी तरडगावला असेल त्या दिवशी जा त्यांच्याकडे. वाढायला हात कमी पडतात त्या दिवशी. एक दिवसाची रजा मिळते ना तुला?"

"मिळेल. पण बाबा, झाली का माझी वारी?"

"एकदा जाऊन आलं तर त्याला वारी कोण म्हणतं? पायी जा नाहीतर सायकलवर जा. पुन्हा जातात ती वारी. पुढच्या वर्षी फलटणच्या पुढे निघालीस की मग विचार."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडून बसली. मला विचाराल तर बाबांनी व्याख्या एकदम पक्की दिली. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणं. वारी कधी पुरी झाली म्हणून संपत नाही, दर वर्षी पुन्हा सुरू होते. मग अर्धी की पूर्ण, दोन पायांवर की दोन चाकांवर, हे प्रश्न दुसऱ्या नंबरवर जातात. पहिला प्रश्न तोच, वाल्ह्याच्या आजींचा.

निघण्याआधी...

कधी : पालखीच्या आधी दोन-तीन आठवडे, किंवा थेट थंडीत. पालखी रस्त्यावर असताना सायकल अजिबात नको. तेव्हा वाहतूक वळवलेली असते आणि चालणाऱ्यांच्या गर्दीत सायकल म्हणजे सगळ्यांनाच त्रास. त्या दिवसांत जायचं तर चालायलाच जा. अधिक महिना आला की आषाढीची तारीख पुढे सरकते, ते कॅलेंडरमध्ये बघून ठेवा.

वारा आणि ऊस : जूनमध्ये वारा पश्चिमेचा. जाताना पाठीवर, म्हणून मजा. सायकलवरच परत यायचं असेल तर तोच वारा तोंडावर, म्हणून सजा. थंडीत जाल तर उसानं खचाखच भरलेले दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर भेटतील. त्यांना ओव्हरटेक करण्याचा हट्ट नको. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

टप्पे : हडपसर-सासवड-जेजुरी-वाल्हे-नीरा-लोणंद पहिला दिवस, तरडगाव-फलटण दुसरा. पहिल्यांदाच जात असाल तर जेजुरीलाच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी लोणंदला थांबा. काही बिघडत नाही.

परतीचा प्रवास : जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही पुणे-मिरज मार्गावरची स्टेशनं आहेत. सायकल लगेजमध्ये घेतात का, कुठल्या गाडीत घेतात, हे स्टेशनवर आधी विचारा. फलटणहून एसटी किंवा छोटा टेम्पो. तिघं-चौघं असाल तर टेम्पो परवडतो.

सामान : हेल्मेट, मागचा लाल दिवा, चकाकणारं जाकीट, दोन जादा ट्यूब, हातपंप. सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा प्रकारचा असेल तर अडॅप्टर विसरू नका, गावातल्या पंपाला तो बसत नाही. दोन बाटल्या पाणी, ओआरएस, खजूर. दिवे घाटात आणि पुढेही रस्त्याची कामं निघत असतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा.

आणि हो, वाटेत कुणी जेवायला बोलावलं तर 'घाई आहे' म्हणू नका. पाकीट आत ठेवा, नाव विचारा, नंबर घ्या. पोचल्यावर फोन करा.

आम्ही फलटण ते पंढरपूरची तारीख काढली आहे. बँकवाल्यानं मार्चएंड संपल्या संपल्या बुकिंग करायचं कबूल केलंय. टेस्टर मॅडम त्याआधी एक दिवस तरडगावला भाकऱ्या वाढून येणार आहेत. तुमचं काय? सायकल जिन्याखाली धूळ खात असेल तर आधी टायरमध्ये हवा भरा, बाकी पुढचं रस्त्यावर कळतंच!